पट्टेरी पोपट शोधायचा तर आधी बांबू शोधा

पहिल्या खेपेला कोस्टा रिकाच्या तालामांका पर्वतात मी चार सकाळी उंच ओक वृक्षांच्या शेंड्यांवर दुर्बीण लावून घालवल्या. पट्टेरी पोपट काही दिसला नाही. पाचव्या सकाळी स्थानिक वाटाड्याने माझी दुर्बीण हळूच खाली केली आणि वाटेच्या कडेचं बांबूचं बेट दाखवलं. बेट पार वाळलेलं, गवताच्या गंजीच्या रंगाचं. "इथे थांबा," एवढंच तो म्हणाला. पाऊण तास काहीच घडलं नाही. मग माझ्या बाहीवर बारीक तुसं पडायला लागली. वर पाहिलं तर डोक्यापासून सात-आठ फुटांवर एक हिरवा पक्षी फांदीला समांतर, जवळजवळ आडवा बसून बांबूचं कणीस चोचीतून ओढत होता. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. एकूण अकरा होते आणि एकही ओरडत नव्हता.

तेव्हापासून कुणी या पोपटाबद्दल विचारलं की मी आधी बांबूबद्दल सांगतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी पक्षीवेडे सुट्टीत कोस्टा रिकाला जातात, इथूनही आता काहीजण जातात. त्यांच्यापैकी कुणाच्या चार सकाळी वाचल्या तरी पुष्कळ झालं.

आधी पक्षी डोळ्यांत भरून घ्या

शास्त्रीय नाव बोल्बोरिंकस लिनिओला. जॉन कॅसिन या अमेरिकन पक्षितज्ज्ञाने १८५३ मध्ये त्याचं वर्णन केलं. 'लिनिओला' म्हणजे बारीक रेघ. कोस्टा रिकात त्याला 'पेरिकितो लिस्तादो' म्हणतात, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा छोटा पोपट. मराठीत रूढ नाव नाही, म्हणून मी पट्टेरी पोपट म्हणतो.

लांबी जेमतेम १६ ते १७ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लांबीला चिमणीपेक्षा किंचित मोठा, पण अंगाने भरलेला, गुटगुटीत. आपला नेहमीचा राघू शेपटीसकट चाळीस सेंटिमीटरच्या घरात जातो, त्याच्यापुढे हा बाळच. रंग हिरवा. पाठीवर, पंखांवर आणि कुशीवर काळसर आडव्या रेघा, खांद्यापाशी काळा ठिपका. चोच फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारी. शेपूट आखूड आणि टोकाकडे निमुळती. नर-मादी जवळपास सारखे दिसतात. नराच्या रेघा जरा ठळक असतात, पण रानात एवढ्यावरून ठरवायला जाऊ नका.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छायाचित्रांत ज्या रेघा इतक्या उठून दिसतात, त्या रानात वीस मीटरवरून दिसत नाहीत. ढगातल्या मंद उजेडात सगळं एकसारखं हिरवं-राखाडी होऊन जातं. म्हणून रेघांच्या मागे न लागता ठेवण पाहा. हा पोपट फांदीवर ताठ बसत नाही, आडवा बसतो आणि फांदीवरून उंदरासारखा सरपटत चालतो. उडी मारून जाण्यापेक्षा चालत जाणं त्याला पसंत. ही चाल एकदा लक्षात आली की उजेड कसाही असो, पक्षी ओळखता येतो.

कुठे आणि कधी

दक्षिण मेक्सिकोपासून पश्चिम पनामापर्यंतच्या डोंगरांत याची एक उपजात आहे. दुसरी व्हेनेझुएलापासून कोलंबिया, इक्वाडोर करत पेरूपर्यंत अँडीज पर्वतात सापडते. या दुसरीचं नाव टायग्रिनस, म्हणजे वाघासारखी पट्टेदार. पक्षी दुर्मीळ नाही, जागतिक यादीत तो 'कमी चिंतेचा' म्हणून नोंदला आहे. पण तो एका जागी टिकत नाही. आज या डोंगरात, तर सहा महिन्यांनी चार डोंगर पलीकडे. त्यामुळे 'अमुक ठिकाणी हमखास' असं कुणी सांगितलं तर ते कोणत्या महिन्याचं आणि कोणत्या वर्षाचं, हे आधी विचारा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तालामांका सुचवतो, कारण तिथे रस्ता थेट डोंगरमाथ्यापर्यंत जातो. सान होसे शहरातून इंटरअमेरिकाना महामार्गाने दक्षिणेला निघालं की रस्ता सेरो दे ला मुएर्तेकडे चढत जातो आणि ३,३०० मीटरच्याही वर पोचतो. या रस्त्यावर लोक गावांच्या नावांऐवजी किलोमीटरचे दगड सांगतात. 'किलोमीटर ८०' ला उजवीकडे खाली उतरणारी अरुंद, तीव्र उताराची वाट सान हेरार्दो दे दोता या दरीत जाते. दरीतलं गाव सुमारे २,२०० मीटरवर आहे. महामार्गापासून गावापर्यंतचा हा सगळा उतार ओक आणि बांबूचा आहे आणि आपलं काम तिथेच आहे. वर २००५ मध्ये झालेलं लोस केत्सालेस राष्ट्रीय उद्यान आहे. दरीत बहुतेक लोक केत्साल पक्ष्यासाठी येतात. त्यामुळे वाटाड्याला आधीच स्पष्ट सांगा की तुम्हाला पेरिकितो लिस्तादो आणि बांबू बघायचा आहे, नाहीतर सगळा दिवस केत्सालच्या आवडत्या रानअव्होकाडोच्या झाडाखाली जाईल.

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. कोरडा म्हणजे पहाटे आकाश स्वच्छ आणि दहा-अकराच्या पुढे ढग. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे ओल घेऊन डोंगर चढतात, वर थंड होतात आणि रानातच ढग होऊन बसतात. पाऊस नसला तरी शेवाळावर, पानांवर, झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिया वनस्पतींच्या पेल्यांत हे ढगाचं पाणी जमून टपटपत राहतं. जुलैत आंबोलीच्या घाटात ढग अंगाला लागतो ना, तसं तिथे वर्षातले बहुतेक दिवस असतं. मेघवन म्हणतात ते हेच.

बांबू वाचायला शिका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी किल्ली इथेच आहे.

या डोंगरांतला बांबू चुस्केआ या गटातला. कोस्टा रिकात लोक त्याला 'कान्युएला' म्हणतात, इक्वाडोरमध्ये 'सुरो'. आपल्या कोकणातल्या माणग्यासारखा तो दणकट नसतो. काठी बोटाएवढी बारीक, कमानीसारखी वाकलेली, बऱ्याचदा शेजारच्या झाडावर रेललेली. ओळखायच्या दोन खुणा सांगतो. प्रत्येक पेरावर एक-दोन नव्हे, तर बारीक फांद्यांचा झुबकाच फुटतो. आणि वाटेवर पडलेली मोडकी काठी बघा, ती पोकळ नसते, आत गर भरलेला असतो.

पट्टेरी पोपट छोटी फळं आणि कळ्याही खातो, पण त्याचा जीव बांबूच्या बियांवर. आणि बांबू दरवर्षी बी धरत नाही. कारवी कशी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरून जाते, तसाच हा प्रकार, फक्त काळ कित्येक पट लांब. जमैकाच्या डोंगरांत चुस्केआची एक जात १८८४ च्या सुमारास फुलली, मग १९१८ च्या सुमारास, मग १९४८ च्या सुमारास, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी एकदा. प्रत्येक जातीचं चक्र निराळं. शिवाय एकाच डोंगरात एक उतार आज फुलतो, दुसरा दोन वर्षांनी. पोपट मग या फुलोऱ्यामागून भटकत राहतो. आपल्याकडे बांबू फुलला की दुष्काळ येतो असं जुनी माणसं म्हणायची, कारण बी खाऊन उंदीर माजतात. तिकडे त्याच बियांवर थव्यांचे थवे जगतात.

शोध कसा घ्यायचा ते आता सांगतो. गाडी सावकाश चालवा आणि हिरव्या उतारावर वाळल्या रंगाचा डाग शोधा. सगळी झाडं हिरवी असताना फक्त खालचा बांबू पिवळट-तपकिरी दिसत असेल, तर तो फुललेला असण्याची शक्यता दाट. जवळ जा. पानं झडलेली आणि फांद्यांच्या टोकांना पानांऐवजी कणसांचे झुबके दिसले, तर फुलोरा नक्की.

पण फुलोरा म्हणजे दाणा नव्हे, आणि माझ्या ओळखीचे बरेच जण इथेच चुकले. हुरड्याच्या दिवसांत आपण कणीस तळहातावर चोळून बघतो, तसंच इथे करा. झुबका तोडू नका, उद्यानात काहीही तोडायला बंदी आहे. खाली पडलेलं एखादं कणीस उचला, तळहातावर चोळा आणि फुंकर मारा. नुसता भुसा उडून गेला तर दाणा अजून भरला नाही किंवा सांडून गेला. तळहातावर बारीक, तांदळाच्या कणीसारखं टणक काही राहिलं तर बरोबर जागी आलात. बेटाखालच्या जमिनीकडेही बघा. नाजूक हिरव्या गवतासारखी रोपं दाटीने उगवली असतील तर बी पडून बराच काळ लोटला आहे. पोपट बहुधा पुढे गेले. त्याच दरीत वर किंवा खाली, जिथे फुलोरा उशिरा आला असेल, तिथे शोधा.

दुसरी एक खूण मला फार उशिरा कळली. बांबूच्या बियांवर जगणारे इतर पक्षी कोस्टा रिकात आहेत: लांब टोकदार चोचीचा करडा पेग-बिल्ड फिंच, स्लेटी फिंच, निळा ब्लू सीडईटर आणि तांबूस-जांभळ्या छातीचा छोटा होला, मरून-चेस्टेड ग्राउंड डव्ह. एरवी यातला एखादा दिसायलाही वर्षं जातात. एकाच बेटात दोन जाती गाताना सापडल्या तर समजा की दाणा भरला आहे, आणि तिथून हलू नका. वाटाड्याला विचारायचा प्रश्नही असाच असावा. 'पोपट कुठे आहे?' याचं उत्तर त्याच्याकडे असेलच असं नाही. 'यंदा कान्युएला कुठे फुललीय?' याचं उत्तर दरीतल्या गुराख्याकडेही असतं.

डोळ्यांआधी कान

जाण्याआधी महिनाभर तरी या पोपटाचा आवाज ऐका. झेनो-कांतो या संकेतस्थळावर आणि मर्लिन अॅपमध्ये ध्वनिमुद्रणं आहेत. रोज दहा मिनिटं, हेडफोन लावून. राघूसारखी कर्कश किंकाळी इथे नाही. उडताना थव्यातून सतत, मऊ, गोड चिवचिवाट ऐकू येतो. बरेच पक्षी एकाच वेळी हलक्या आवाजात बोलत असल्यासारखा. थवा झाडांच्या खूप वरून सरळ रेषेत, घट्ट जमून, वेगाने जातो. अनेकदा ढगामुळे तो दिसतच नाही, नुसता आवाज डोक्यावरून निघून जातो. अशा वेळी आवाज कोणत्या दिशेने गेला ते लगेच टिपून ठेवा. दोन-तीन थवे एकाच दिशेने गेले तर बांबूही त्याच दिशेला.

सराव इथेच करता येतो. आपल्या सह्याद्रीत आणि गोव्याच्या रानांत चिमण पोपट आहे, चौदा सेंटिमीटरचा, हिरव्यात हिरवा आणि रात्री उलटा लटकून झोपणारा. कुळाने दोघांचं जवळचं नातं नाही, पण शोधायची रीत तीच. आंबोली, मोलेमच्या बाजूला त्याचा तीक्ष्ण 'ची-ची-ची' आवाज ऐकून पानांच्या गर्दीत तो हुडकायची सवय लावा. ज्याला चिमण पोपट केवळ कानाने सापडतो, त्याला तालामांकात निम्मं काम सोपं.

बेटापाशी थांबणं

पहाटे उजाडताना बेटापाशी पोचलेले असा. बेटाच्या आत शिरू नका, काठ्या हलल्या की सगळं संपलं. दहा-पंधरा मीटरवर, मागे झाड किंवा दरड येईल अशी जागा बघून बसा. खाणारा थवा जवळजवळ मुका असतो आणि पानांच्या रंगात विरघळून जातो. त्यामुळे नजर पक्ष्यावर न लावता बेटावर सैल सोडा. वारा नसताना एकच काठी हलतेय का? वरून तुसं पडतायत का? शांत सकाळी तुसं वाळल्या पानांवर पडल्याचा बारीक चर्र आवाज येतो, अगदी रेशमी साडी दुमडताना होतो तेवढाच. माझ्या बाहीवर पडलेली तुसं मी अजून वहीत चिकटवून ठेवली आहेत.

किमान दीड तास द्या. थवा उडून गेला तरी लगेच उठू नका, दाणा शिल्लक असेल तर ते पुन्हा येतात.

मोबाइलवरून त्यांचा आवाज वाजवून बोलावण्याचा मोह होईल. कृपा करून टाळा. बी भरलेला काळ हाच त्यांचा खाण्याचा, जोडी जमवण्याचा आणि वाळक्या झाडांच्या ढोलीत घरटं करण्याचा काळ असू शकतो. तीस वर्षांनी एकदा वाढलेलं ताट आहे ते. त्यावरून कुणाला उठवू नये.

घोळ कुठे होतो

तालामांकात सर्वांत जास्त गफलत होते सल्फर-विंग्ड पॅराकीटशी. त्याची शेपूट लांब, कानापाशी लाल, पंखात पिवळा रंग आणि आवाज खरखरीत. आकारानेही तो बराच मोठा. शेपूट पाहिली की प्रश्न सुटतो. अवघड आहे तो रेड-फ्रंटेड पॅरटलेट. आकार तेवढाच, शेपूटही आखूड, आणि तोही रानावरून उंच उडत जातो. त्याच्या कपाळावर आणि पंखावर लाल असतो, पण ढगात तो दिसेलच असं नाही. अशा वेळी शेपटीचं टोक बघा. पट्टेरी पोपटाची निमुळती, याची आखूड आणि बोथट. एवढंही दिसलं नाही तर नोंदीत 'छोटा पोपट, जात अनिश्चित' लिहून मोकळे व्हा. सान होसे शहरात झाडांवर कलकलाट करणारे हिरवे थवे दिसतील, ते लाल कपाळाचे मोठे पोपट. त्यांचा इथे संबंध नाही.

सामानाचं थोडक्यात

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची), पाणी आत न जाणारी दुर्बीण. १०× नको, मंद उजेडात आणि जवळच्या बेटात ती गैरसोयीची. खोलीतल्या उबेतून एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते, म्हणून रात्री ती बॅगेत दाराजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवा. तीन हजार मीटरच्या वर पहाटे हाडं गोठतात. कानटोपी, बोटं मोकळी राहणारे हातमोजे आणि पावसाचं जॅकेट हवंच. कोस्टा रिका म्हणजे समुद्रकिनारा असं समजून सुती कपड्यांत गेलेली माणसं मी कुडकुडताना पाहिली आहेत. सान होसेहून थेट माथ्यावर गेलात तर धाप लागते आणि डोकं दुखतं, म्हणून पहिली रात्र दरीत खाली काढा. व्हिसा आणि पिवळ्या तापाच्या लशीचे नियम निघण्यापूर्वी दूतावासाकडून पक्के करा.

पिंजऱ्यातली 'लिनी'

हाच पोपट जगभर पाळीव पक्षी म्हणून विकला जातो. आपल्याकडेही हौशी लोक त्याला 'लिनी' म्हणतात. निळे, पिवळे, फिकट असे पैदाशीतून आलेले रंग मिळतात. हा परदेशी पक्षी साईटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे २०२२ मध्ये दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याखालचे २०२४ चे नियम त्याला लागू होतात. पक्षी बाळगणं, दुसऱ्याला देणं, त्याची पिल्लं होणं, या सगळ्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. कुणाच्या घरी लिनी असेल तर आधी ही नोंदणी बघा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो धापा टाकायला लागला तर लक्षात घ्या की त्याचं मूळ घर ढगातलं आहे. सावली, वारा आणि ओल्या पानांची जुडी द्या. पानांवरचं पाणी अंगाला घासून तो आंघोळ करतो, भांड्यातल्या पाण्यापेक्षा त्याला ते प्रिय.

परवानगीने पाळलेली लिनी पाहायला मिळाली तर तासभर तिच्यासमोर बसा. ती आडवी बैठक, ते सरपटत चालणं डोळ्यांत बसेल आणि रानात उपयोगी पडेल.

नोंद कशी लिहायची

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसती जात आणि संख्या टाकून थांबू नका. टिप्पणीत बांबूची अवस्था लिहा, कारण पुढच्या माणसाला पोपटापेक्षा तीच जास्त उपयोगी. माझ्या वहीतली त्या पाचव्या सकाळची नोंद अशी आहे: 'सकाळी ६.५५. महामार्गाखालचा उतार, ओकचं रान. चुस्केआचं बेट, अंदाजे तीस पावलं लांब, पानं झडलेली, कणसात दाणा टणक. बेटाखाली रोपं नाहीत. अकरा पक्षी, पंचवीस मिनिटं खात होते, आवाज नाही. उडताना चिवचिवाट, दिशा ईशान्य. शेजारच्या उतारावरचा बांबू अजून हिरवा.'

शेवटच्या वाक्याखाली मी नंतर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. पुढच्या खेपेला आधी तोच उतार बघायचा आहे.